तिसरा वाजू द्यायचा

मंगळवार, ६ तारीख

धाकटे,

दार उघडलं नाहीस ते बरोबरच केलंस. मीही उघडलं नसतं. चार वर्षं जिच्याशी शब्द नाही, ती बाई न कळवता बॅग घेऊन दारात उभी राहिली तर मी आतून खुर्ची लावून बसले असते. पण तू घरात होतीस. दाराच्या भिंगात आधी उजेड होता, मग अंधार झाला आणि बऱ्याच वेळाने पुन्हा उजेड आला. तेवढा वेळ तू मला पाहत होतीस. मी जाड झालेय आणि केस काळे करायचं सोडलंय, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल.

आता माझं ऐक. मी पुन्हा तुझं दार वाजवणार नाही. तमाशा करायला मी एवढ्या लांब आलेले नाही. शुक्रवारी, १६ तारखेच्या संध्याकाळी माझं परतीचं विमान आहे. तोवर तुमच्या जिन्याखालच्या पेटीत मी पत्रं टाकत राहणार. तू मला एकदा भेटावंस, एवढंच मागायला आलेय. भेटल्याशिवाय जायचं नाही असं ठरवलंय, आणि माझं ठरलं म्हणजे काय ते तुला चांगलं माहीत आहे. फोनवर तू माझा नंबर कधीचाच बंद करून टाकलायस. पत्र बंद करायची सोय अजून निघालेली नाही.

पेटीवर तुझ्या नावाखाली तुझ्या रंगाऱ्याचं नाव अजून आहे. नवरा जाऊन चार वर्षं झाली तरी तू ती चिठ्ठी बदलली नाहीस. मी तिच्यावरची धूळ रुमालाने पुसली. रागावू नकोस.

तुझ्या भाऊजींनी निघताना मला एक कागद लिहून दिला होता. विमान उतरलं की फोनचा डेटा बंद करायचा, अनोळखी नंबर उचलायचा नाही, फोन कुणाच्या हातात द्यायचा नाही. हा माणूस स्वतः कधी विमानाच्या शिडीजवळ गेलेला नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! मी उतरले तर फोन हातात थरथरायला लागला. एकामागून एक निरोप. स्वागत आहे, बोलण्याचा हा दर, नुसतं ऐकण्याचाही हा दर. मी घाबरून दिसेल ते बटण बंद केलं. मग लक्षात आलं की तुझा पत्ता फोनमध्ये, नकाशाही फोनमध्ये, आणि आता तो उघडायचा कसा ते मला येत नाही. अर्धा तास मी सामानाच्या पट्ट्याजवळ उभी. शेवटी पर्समध्ये रुमाल शोधताना तुझ्या पार्सलचा कागद हाताला लागला. आईला दर हिवाळ्यात स्वेटर पाठवायचीस ना, त्यावरचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. तो कागद टॅक्सीवाल्याच्या नाकासमोर धरला आणि आले.

खोली तुझ्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे. एक पलंग, एक टेबल, खिडकीतून बसचा डेपो दिसतो. घरमालकीण म्हातारी आहे आणि माझ्याशी मोठ्याने बोलते, जणू मी बहिरी आहे. माझ्या फोनचा प्लग इथल्या भिंतीत बसत नाही. तिने स्वयंपाकघरातल्या एका खोक्यात तो कसाबसा बसवून दिला, त्यामुळे फोन किटलीशेजारी आणि मी खोलीत असा संसार चाललाय.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा तिथेच अडायला नको. त्या दिवसाबद्दल मी तुला तेव्हा सांगितलं तेच आहे. फोन दुकानात राहिला होता आणि मी घरी होते. तेवढं मान्य कर, म्हणजे पुढचं बोलता येईल.

तुझी,
तायडी


गुरुवार, ८ तारीख

धाकटे,

काल दोन वेळा पेटी पाहिली. माझं पत्र त्यात नव्हतं. तू घेतलंस की कुणी फेकलं, हा प्रश्न घेऊन मी खालच्या बाकावर बसले होते, तर जिना पुसणारी बाई आली. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची नाही. मी इथलं सिम घेतलंय, त्यावर भाषांतर करणारं एक काहीतरी चालतं. तिने फोनमध्ये तोंड घातलं आणि काहीतरी विचारलं. फोन सरकारी आवाजात म्हणाला, "आपण तिसऱ्या मजल्याची बहीण आहात काय?" मी म्हटलं, होय, आहे. आता या गल्लीत माझी तीच ओळख झालीय. नंतर तिने सांगितलं की तिसरा मजला पत्र वर घेऊन गेला. कागदाच्या कचऱ्यात पत्र नव्हतं, कचरा तीच वेगळा करते. माझी पाठ एकदम हलकी झाली. तुझी लाँड्रीतली पाळी दुपारी दोनला सुटते हेही तिनेच सांगितलं. तिला बोलू नकोस, चांगली बाई आहे. आता मला पाहिलं की फोन दाखव म्हणून खूण करते.

सिम घ्यायला गेले तेव्हाची गंमत सांगते. दुकानदाराला फोनच्या कडेचं ते बारीक भोक टोचायला तार सापडेना. चार खण उपसले त्याने. मी स्वेटरला टोचलेली टाचणी काढली आणि एका झटक्यात कप्पा बाहेर काढला. तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवतेय, टाचणीशिवाय मी घराबाहेर पडत नाही. तो बघतच राहिला. जुनं सिम नखाएवढं, हरवलं तर पंचाईत. म्हणून खोलीवर येऊन कोटाच्या अस्तरात छोटा खिसा केला आणि ते आत घालून वरून टीप मारली. तुझे भाऊजी फोनवर म्हणाले, "अगं, पाकिटात ठेवायचं." पाकीट हरवतं. अस्तर हरवलेलं कुणी ऐकलंय?

इथल्या बसमध्ये कुणी फोनवर बोलत नाही. कुणाचा वाजलाच तर लगेच बंद करतात आणि बाकीचे अशा नजरेने बघतात की वाटावं याने चोरीच केलीय. आपल्याकडे अख्ख्या बसला सुनेचं दुखणं कळतं. मला इथली शांतता आवडली, खोटं कशाला बोलू.

नवा नंबर या कागदाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलाय. का लिहिलाय ते सांगते. हा नंबर तू बंद केलेला नाहीस, तो तुला ओळखूही येणार नाही. मी लावला तर तू उचलशील आणि मी पलीकडून बोलायला लागेन. असली चोरी मी करणार नाही. म्हणून तूच ओळखून ठेव, हा नंबर माझा आहे. त्याचाही गळा दाबायचा असेल तर खुशाल दाब.

तुझी,
तायडी


रविवार, ११ तारीख

धाकटे,

आज रविवार. तुला आठवतं का, रविवारी सकाळी दहाला तू आईला एक मिस्ड कॉल द्यायचीस. एक वाजला की आई हातातलं काम थांबवायची आणि म्हणायची, "बरी आहे गं बाई माझी." पुन्हा कामाला.

आपल्या घरची ती पद्धत मीच घातली होती. मी दुकानात, तू कॉलेजात, आई घरी, आणि तिघींच्या फोनमध्ये मिळून एका कॉलपुरती शिल्लक. एक दिला म्हणजे पोचले, ठीक आहे. दोन म्हणजे उशीर होईल, जेवून घ्या. तीन म्हणजे हातातलं टाकून ये, येता येत नसेल तर त्या क्षणी फोन कर. पहिले दोन देणारीने स्वतः कापायचे, तिसरा कापायचा नाही, वाजू द्यायचा. घेणारीने तो कापला की समजायचं, तिला कळलं, ती निघाली. बोलायचं काहीच नाही, एक पै खर्च नाही. शेजारचा इस्त्रीवाला म्हणायचा, तुमच्या घरात चुकून कुणी फोन उचलला तर भूकंप होईल.

रंगारी गेल्यावर तुझा रविवारचा कॉल बंद झाला. स्वेटर येत राहिले, कॉल नाही. तो फोन माझ्या घरात असतो म्हणून तू बंद केलास, हे मला कळत होतं. आईला कळत नव्हतं. तीन रविवार ती फोन मांडीवर घेऊन बसली. चौथ्या रविवारी दहा वाजता तिचा फोन एकदा वाजला आणि थांबला.

तो मी दिला होता, धाकटे. इस्त्रीवाल्याच्या फोनवरून. आईला आकडे दिसत नव्हते, तिला फक्त वाजणं ऐकू यायचं. मग दर रविवारी दहाला मी दूध आणायचं निमित्त करून बाहेर पडायचे. आई जाईपर्यंत एकही रविवार चुकवला नाही. एकदा मला ताप होता तर इस्त्रीवाल्यानेच दिला. त्याने चुकून दोन दिले. आई दिवसभर म्हणत होती, "आज हिला उशीर होणार म्हणते, पण कुठे जायला उशीर होणार?" शेवटच्या आठवड्यात ती मला ओळखत नव्हती, पण रविवारी फोन वाजल्यावर म्हणाली, "बरी आहे गं बाई माझी." तुझ्या नावाने मी तिला फसवलं. तुला राग येईल की बरं वाटेल, मला सांगता येत नाही. तिचा फोन मी सोबत आणलाय. बटणांवरचे आकडे पुसून गेलेत. तो तुझा आहे.

आणि आता तोंड उघडलंच आहे तर अजून एक. चोरी करणार नाही असं गुरुवारच्या पत्रात ऐटीत लिहिलं, ते लिहायच्या आधीच चोरी करून झाली होती. बुधवारी सिम घातलं आणि पहिला नंबर तुझा लावला. तू उचललास. "हॅलो" म्हणालीस, मग इथल्या भाषेत काहीतरी विचारलंस. आवाज अगदी आईचा, चाळिशीतल्या आईचा. मी कापला. तो मुका फोन माझा होता.

तुझी,
तायडी


मंगळवार, १३ तारीख

धाकटे,

हे पत्र नीट बसून वाच. उभ्याने वाचू नकोस.

काल काय झालं ते आधी. मी बसमध्ये होते, बाजारात दोरा आणायला निघाले होते. तुझ्या भाऊजींचा कॉल आला, एकदा वाजला, थांबला. पुन्हा एकदा वाजला, थांबला. इंटरनेटवरून बोलायला आता काही पडत नाही, सरळ बोलले असते तरी चाललं असतं, पण जित्याची खोड. तिसऱ्यांदा वाजायला लागला तो थांबेचना. सगळी बस माझ्याकडे वळून बघायला लागली. एक बाई तर मान हलवून च् च् करत होती. मी शरमेने अंगठा दाबला आणि फोन पर्समध्ये कोंबला. दोरा घेतला, पाय मोकळे केले, खोलीवर आले, फोन किटलीशेजारी लावला आणि विसरले.

आज सकाळी मी त्यांना फोन केला तर गृहस्थ फुरंगटलेले. म्हणाले, "कुठे आहेस तू? काल दुपारपासून वाट बघतोय."

मी म्हटलं, "कसली वाट?"

"कसली म्हणजे? दोन दिवस तुझी खबर नाही, मला करमेना, म्हणून तीन दिले. तिसरा तू कापलास. मी समजलो, निघालीस. घर झाडलं, पाणी भरलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं की ही येतेय. सकाळपासून दाराशी खुर्ची टाकून बसलोय."

मला आधी हसू आलं. म्हटलं, "अहो, बसमध्ये होते, कापला गेला."

तर काय म्हणाले माहीत आहे? "कापला गेला कसा? आपणहून बंद पडला तर तो वाजत वाजत थांबतो. कुणी कापला की पलीकडे लगेच टूं टूं होतं, मला ऐकू आलं ना. कापायला अंगठा लागतो, बाईसाहेब."

त्यानंतर ते बरंच काही बोलले. मी ऐकलं नाही. मी स्वयंपाकघरात किटलीसमोर उभी होते आणि मला कळलं, चार वर्षांनी कळलं, की तू पहिल्या दिवसापासून सगळं जाणत होतीस. तिसऱ्या दिवशी मी तुला फोन केला, म्हणाले की फोन दुकानात राहिला होता, मी घरी होते, आत्ताच पाहिलं. तू फक्त "बरं" म्हणालीस. मला वाटलं, पटलं हिला. मग तू नंबर बंद केलास तर मी गावभर सांगत फिरले, एवढ्याशा गोष्टीवरून डोक्यात राख घालून घेतली धाकटीने. आणि तू ते टूं टूं ऐकलेलं होतंस. बंद दुकानात माझा फोन कापणारा अंगठा कुणाचा होता, हे तुला विचारायचीही गरज नव्हती.

माझा होता. मी दुकानातच होते.

दुपारचे चार वाजले होते. आईच्या अंथरुणाच्या चादरी त्या दिवशी दोनदा बदलून मी मशीनवर येऊन बसले होते. एकशे चाळीस गणवेश दुसऱ्या दिवशी द्यायचे होते आणि साठांची काजं बाकी होती. त्याआधी तीन दिवस तुझा एका ओळीचा निरोप आलेला, सुट्टी मिळत नाही, या उन्हाळ्यात येत नाही. एक महिना तरी आई तुझ्यावर सोपवून मी जरा पाठ टेकीन, या आशेवर मी वर्ष काढलं होतं. फोन खडूच्या डबीशेजारी होता. तुझा नंबर दिसला. एकदा वाजला. दुसऱ्यांदा वाजला. मशीनवरचा पाय मी थांबवला, हे लक्षात ठेव, म्हणजे मला ऐकू आलं नाही असं नव्हतं. तिसरा वाजायला लागला. मला वाटलं, आता काय पाहिजे हिला? सुटून गेली, मजेत आहे, तिथून हुकूम सोडते. जरा कळू दे माझंही. आणि कापला.

कापल्यावर आठवलं की आपल्यात कापण्याचा अर्थ काय होतो. विसरले होते असं म्हणून मी सुटू शकते, पण मिनिटभरात आठवलं, धाकटे, पुरतं आठवलं. तरी म्हटलं, एवढी काजं संपवते आणि करते. मग म्हटलं, आईचं जेवण उरकून. मग म्हटलं, आता तिकडे झोपली असेल. दुसऱ्या दिवशी गणवेश द्यायचे होते. त्यानंतर लाज वाटायला लागली, आणि लाजेपायी आणखी एक दिवस गेला.

तू त्या वेळी इस्पितळाच्या व्हरांड्यात होतीस. रंगारी परांचीवरून पडला होता, तुला तेव्हा इथली भाषा येत नव्हती, फोनमध्ये बोलण्याइतकी शिल्लक नव्हती. हे सगळं मला नंतर त्याच्याबरोबर काम करणाऱ्या माणसाने सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी फोन हातात धरूनच बसल्या होत्या. मी म्हटलं, माझ्या फोनवरून लावा, तर म्हणाल्या, नको, ताईने कापलाय, ती करतेच आहे." एकवीस तास रंगारी जगला आणि एकवीस तास तू माझ्या फोनची वाट पाहिलीस. तुला आधार द्यायला दुसरा फोन समोर असताना तू माझ्या शब्दावर बसून राहिलीस.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भाऊजींनाही नाही. आईला तर नाहीच. आज सकाळी पहिल्यांदा भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "मला म्हणालीस ते ठीक. तिला सांग."

म्हणून सांगितलं. माफ कर असं लिहायला हात उचलत नाही. ते तोंडावर म्हणायचं असतं, समोरच्याला थोबाडीत देता आली पाहिजे अशा अंतरावरून.

गुरुवारी दुपारी चार वाजता मी तुझ्या खिडकीखालच्या बाकावर येईन आणि या नव्या नंबरवरून तुला तीन देईन. पहिले दोन मी कापीन. तिसरा वाजू देईन. पुढे काय करायचं ते तुझं तू ठरव.

तायडी


गुरुवार, १५ तारीख, पावणेचार

धाकटे,

बाकावर बसलेय. थंडी हाडात शिरतेय. या थंडीत फोनचा जीव लवकर जातो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खोलीवरून निघताना साठ टक्के होते, आता तेवीस दाखवतोय. तिसरा वाजेपर्यंत टिकला पाहिजे, म्हणून स्वेटरच्या आत धरून बसलेय, कोंबडी अंड्यावर बसते तशी. जिना पुसणारी बाई मघाशी येऊन माझ्या हातात गरम पाण्याची बाटली देऊन गेली. तिने फोनकडे बोट केलं, मी मान हलवली. आज भाषांतराला खर्चायला माझ्याकडे टक्के नाहीत.

तुझ्या खिडकीत दिवा आहे.

चार वाजून दहा मिनिटं.

दिले. पहिला मी कापला. दुसरा मी कापला. तिसरा वाजत राहिला, मी मोजत होते. सहा वेळा वाजला, सातव्याला टूं टूं झालं. तू कापलास.

आता गंमत बघ. कापण्याचा अर्थ आपल्या घरात एकच होता, इतकी वर्षं. मी त्याचे दोन केले. म्हणून आज मला कळत नाही की तू निघालीस, की जा मसणात म्हणालीस. तुला काही खुलासा विचारायचा अधिकार माझ्याकडे नाही. पण एक करता येतं. मी तो आपला जुनाच अर्थ धरणार आणि इथे बसणार. तू धरला होतास तसा.

पावणेसात.

फोन साडेचारलाच मेला. बरं झालं, सारखा काढून बघायची सोय राहिली नाही. दिवे लागलेत. अडीच तासांत या दारातून चार माणसं आणि एक कुत्रा बाहेर आला, तू आली नाहीस. बोटं वळत नाहीत, अक्षर तुला लागलं नाही तर जिना पुसणारीला दाखव, तिला माझं सगळं समजतं. ती आता शेवटची फेरी मारून घरी निघालीय. हा कागद तिच्याच हाती वर पाठवते. उत्तर नसेल तरी मी उठणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत मला कुठेही जायचं नाही, आणि बाक सरकारी आहे.

तायडी


त्याच कागदाच्या मागे, दुसऱ्या अक्षरात

तायडे,

तिसरा मी रागानेच कापला. कापल्यावर आठवलं, आपल्यात त्याचा अर्थ काय होतो. तेव्हापासून दाराशी उभी आहे. शब्द फिरवता येत नाही आणि पायही उचलत नाहीत.

तीन तास झाले तुझे. अजून अठरा बाकी आहेत. ते बाहेर बसून काढलेस तर आजारी पडशील आणि मलाच निस्तरावं लागेल. वर ये. विमान संध्याकाळचं आहे, तूच लिहिलंयस.

कडी काढली आहे. आईचा फोन आण. तुझा मेलाय ते उत्तम झालं, तो चार्जिंगला लावायचा नाही. जे काय आहे ते समोर बसून तोंडाने बोल, थोबाडीत बसेल अशा अंतरावर.